मुलगा बघायला मुखेडकडे

परत आल्यापासून चिपळूणहून आईचा फोन आला तरी आणि पुण्यात ऑफिसात डबा उघडला तरी मला एकच प्रश्न येतो, "मग, कसं आहे घर?" घर चांगलं आहे. वर पत्रे, पुढे लांबरुंद ओटा, ओट्याला लागून कडुलिंब. पण घर बघायला मी गेलेच नव्हते. मी गेले होते मुलगा बघायला, आणि तोही दोन वर्षं जवळजवळ रोज बघितलेला.

मुलाचं नाव संघपाल. पुण्यात तो टीव्हीच्या मालिकांना आवाज पुरवतो. बोलण्याचे नाहीत, बाकीचे सगळे. शूटिंगच्या वेळचे बारीकसारीक आवाज नीट येत नाहीत, म्हणून ते नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत पुन्हा करावे लागतात. सासू चिडून ताट आपटते, ते ताट संघपाल आपटतो. सून पैंजण वाजवत जिना उतरते, ते पैंजण हा मिशीवाला बाप्या हातात धरून वाजवतो. मला या माणसाचं पहिल्यांदा हसू आलं ते हे ऐकून, आणि ते हसू काही गेलं नाही.

दिवाळीत त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, आधी तुझं गाव बघते, मग सांगते. दोन्ही घरं बौद्ध, त्यामुळे घरच्यांकडून अडचण नव्हती. अडचण असलीच तर माझीच होती, आणि ती काय आहे ते मला सांगता येत नव्हतं. आमच्याकडे घर बघायला मोठी माणसं जातात, मुलगी घरी बसून निकालाची वाट बघते. मी मोठ्यांना न घेता संघपालबरोबर निघाले म्हटल्यावर आईने आधी कपाळाला हात लावला आणि मग पिशवीत आमसुलं, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ भरलं. "विचारलं तर सांग, आईला यायचं होतं पण अंगणवाडीला सुट्टी नाही," असंही बजावलं.

अजून एक सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. आमची ओळख झाली एका किल्ल्यावर. मैत्रिणींनी मला ओढत नेलं होतं. माथ्यावर हा दिसला, वाऱ्यात केस उडतायत, नजर लांब कुठेतरी. मला वाटलं, काय वेड आहे याला किल्ल्यांचं! तेव्हापासून बहुतेक रविवार आम्ही कुठला ना कुठला किल्ला चढत आलो. मला चढताना धाप लागते, उन्हाने डोकं धरतं आणि पडक्या भिंतींकडे बघून मला काहीही होत नाही. पण त्याला आवडतं ना, मग झालं. "तुला चालेल ते मला चालेल" हा माझा स्वभावच आहे, आणि त्याबद्दल मला आजवर सगळ्यांनी शाबासकीच दिली आहे.

लातूर

सकाळी लातूरला उतरलो तेव्हा कोरडी थंडी होती. आमच्या कोकणातली थंडी दमट, अंगाला चिकटून बसणारी. इथली ओठ फोडते. चहा पिईपर्यंत माझे ओठ फुटलेसुद्धा.

या शहरात पहाटेपासून पोरंच पोरं. पाठीला दप्तर, कानटोपी, सायकली आणि स्कूट्या, सगळी क्लासकडे पळत असलेली. आमच्याकडे चौकाचौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक असतात, इथे पोरांच्या मार्कांचे. एवढे मोठमोठे हसरे चेहरे, खाली मार्क. संघपाल या शहरात दोन वर्षं राहिला होता, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी. दोन्ही वेळा नंबर लागला नाही. हे त्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि इतक्या गमतीने की मला वाटलं, जखम केव्हाच भरली असणार.

नाश्त्याला त्याने सुशीला मागवला. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकायचे आणि वर डाळव्याचं पीठ नि दाण्याचं कूट पेरायचं, तो हा पदार्थ. गाडीवाल्याने मला विचारलं, "तुम्हाला वो ताई? तिखट, का बेतानं?" मी म्हटलं, "याचं जसं तसंच." तिखट आला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला आणि छान आहे म्हणाले. चव खरंच छान होती, पण तिखटाखाली ती शोधावी लागत होती.

मग तो मला त्याच्या जुन्या खाणावळीत घेऊन गेला. एका गल्लीत तळघरासारख्या खोलीत लांब बाकं, भाकरी थापण्याचा आवाज आणि पिठाने पांढरे झालेले हात पुढे करत आलेल्या मावशी. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"संघपाल! किती दिसानं आलास रे! झालास ना डॉक्टर?"

"हाव मावशी," संघपाल म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याचा चेहरा अगदी निवांत होता.

"लई चांगलं झालं बघ. कुठं असतूस?"

"पुण्यालाच."

मावशींनी तिथल्या तिथे जीभ काढून दाखवली. तोंड येतंय म्हणे, भाकरी थापताना धग लागून लागून. संघपालने वाकून नीट बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "पाणी लई पीत जा मावशी. अन् ताक." मावशींनी आमच्याकडून जेवणाचे पैसे घेतले नाहीत. डॉक्टरकडून कसे घेणार?

उदगीर

बसमध्ये मी विचारलं, "का खोटं बोललास?"

"अगं, त्या बाईला कुठे समजावत बसू? त्यांना बरं वाटलं."

"घरी?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, पिवळी पडत आलेली तूर, मधेच ज्वारीचे उभे पट्टे. कोकणात नजर पन्नास पावलांवर झाडाला अडते, इथे ती जाईल तितकी जाते. एरवी मी या मोकळ्या रानावर खूष झाले असते.

"घरी माहितीये ना तू काय करतोस ते?"

"दवाखान्यात आहे असं माहितीये. ऑफिसात." मग तो म्हणाला, "दादांनी माझ्यासाठी इतकं केलं. आता त्यांना काय सांगू, ताटं आपटायला पुण्याला गेलो?" दादा म्हणजे त्याचे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त.

मला राग आला आणि रागापेक्षा भीती वाटली. पुण्यातला संघपाल एक, खाणावळीतला दुसरा, आणि घरचा कोण निघतो कुणास ठाऊक. मी स्पष्ट सांगितलं, "तू तुझ्या घरी कोण आहेस हे त्यांना सांगत नाहीस, तोवर मी हो म्हणणार नाही. मी नक्की कुणाला हो म्हणायचं?"

उदगीरला उतरल्यावर तो मला किल्ल्यावर घेऊन गेला. खंदक, मोठाले दरवाजे, डोक्यावर ऊन. "बघ, तुझ्यासाठी खास थांबलो इथे," तो म्हणाला. मी "वा" म्हणाले. त्याचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता आणि तो दर थोड्या वेळाने गुडघा चोळत होता. एका बुरुजावर आम्ही दोघे बराच वेळ लांब बघत उभे राहिलो. रुसवा होता, म्हणून बोलत नाही असं मला वाटलं.

परत स्टँडकडे येताना रस्त्यात एक डाळ मिल लागली, आणि संघपाल एकदम थबकला. आत यंत्रावर तूर भरडली जात होती. घरघर, मधेच सळसळ, मग पोत्यात डाळ पडल्याचा आवाज. हवेत डाळीचा पिवळसर भुगा. त्याने खिशातून आवाज टिपायचं छोटं यंत्र काढलं, हात लांब धरला आणि डोळे मिटले. दारातला हमाल दखनीत काहीतरी बोलला, तसा संघपालने ओठांवर बोट ठेवलं आणि तो बिचारा खरंच गप्प झाला. सबंध प्रवासात माझ्या ओळखीचा माणूस मला तिथे भेटला. तेव्हा मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते सांगायला मला लाज नाही वाटत. मला वाटलं, हाच हवा, पण हाच घरी यायला हवा.

मुखेडपासून जरा आत

गावात पाऊल ठेवलं आणि संघपालची भाषाच बदलली. पुण्यात "चल, जेवून घेऊया" म्हणणारा माणूस पारावरच्या मंडळींना ओरडून सांगायला लागला, "आत्ताच यायलो! जेवायचं हाय अजून!" पारावरून उत्तर आलं, "या डॉक्टर! जयभीम!" आमच्याकडचा जयभीम आणि इथला जयभीम तोच, फक्त इथे तो दुप्पट जोरात असतो.

डॉक्टर म्हणजे हाच. लातूरला शिकायला गेला त्या दिवशी गावाने त्याला डॉक्टर केलं ते केलंच. आम्ही हातपाय धुतो न धुतो तोच एक आजोबा गुडघा दाखवायला आले. संघपालने त्यांना एरंडेल लावायला सांगितलं. दादा बाजूला खाटेवर बसून हे अभिमानाने बघत होते. मी संघपालकडे बघून डोळे मोठे केले, त्याने नजर चुकवली.

त्याच्या आईने ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी आणि ताजं ताक असं जेवण वाढलं. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" असं विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढून मोकळ्या होतात. पानावर हात आडवा धरला तर हातावर भाकरी. फणसपोळी बघून त्या म्हणाल्या, "हे काय गं, चामडं का?" मग एक तुकडा खाल्ला आणि डबा उचलून आतल्या खोलीत ठेवला, तो पुन्हा बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतल्या बायका जमल्या. त्यात पुढे होती शेवंता आत्या, संघपालच्या वडिलांची बहीण. तोंडात तंबाखू आणि डोळ्यांत खोडी.

"म्या असं आयकलं," आत्या म्हणाली, "की पोरगी आलीय पोरगा बघायला?"

मी हो म्हटलं. ओट्यावर हशा पिकला.

"मग रीतीनं बघू की! आपल्याला नटवून बसवलं तवा कुणी सोडलं व्हय? आण रे त्याला!"

पुढचं सगळं क्षणात झालं. मला खुर्चीत बसवलं, मी वरपक्ष. माझ्या बाजूला दादांना बसवलं, ते "अगं काय चालवलंय" म्हणत होते पण बसले. संघपालच्या डोक्यावरून टॉवेलचा पदर घेतला, हातात चहाचा ट्रे दिला आणि तो मान खाली घालून, लाजत, बायकांच्या टाळ्यांमध्ये बाहेर आला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

"नाव सांगा."

"संघपाल."

"सैपाक येतो?"

"अंडी उकडतो."

"चालून दाखवा," आत्या म्हणाली, आणि एकदम सगळ्या जास्तच हसल्या. त्या हसण्याची चव वेगळी होती. तिथल्या एकूण एक बाईला कधीतरी परक्या माणसांसमोर चालून दाखवावं लागलं होतं. कुणी लंगडी तर नाही ना, म्हणून.

संघपाल ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला.

"पाय बराय पोराचा. आता तू इचार गं," आत्याने मला कोपर मारलं.

मी विचारलं, "काय करता आपण?"

हा प्रश्न मी ठरवून विचारला नव्हता. बघायला आलेल्यांचा तो नेहमीचाच प्रश्न. पण विचारला आणि आम्हा दोघांचंही हसू थांबलं. संघपालने दादांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोक्यावरचा टॉवेल काढला.

"मी दवाखान्यात न्हाई," तो म्हणाला. "कधीच नव्हतो. मी मालिकेतले आवाज करतो."

कुणालाच कळलं नाही. मग त्याने चप्पल काढली आणि पुन्हा ओट्यावर चालला. या वेळी टाच आपटत, जड, मधेच थबकत. आत्या ताडकन म्हणाली, "अय्या! ही तर सासू!" रोज संध्याकाळी सगळी आळी जी मालिका बघते त्यातली सासू. मग तो चोरपावलांनी चालला, मग नव्या नवरीसारखा. एकीच्या हातातलं सूप घेतलं, त्यात मूठभर ज्वारी टाकून हलवली, आणि त्या भर उन्हात ओट्यावर पाऊस पडला. सकाळच्या सुशीलातून उरलेल्या कोरड्या चुरमुऱ्यांवर पाय ठेवला, तर वाळलेल्या पाचोळ्यातून कुणीतरी चालत आलं. बायका लहान पोरींसारख्या ओरडत होत्या. "ते ताट कोण आपटतं?" "मीच." "अन् थोबाडीत?" "ती बी मीच. माझ्याच मांडीवर मारून घेतो."

दादा तेवढे हसत नव्हते. हळूहळू सगळ्यांच्या ते लक्षात आलं आणि ओटा शांत झाला.

"ते म्हातारं जिन्यावरून पडलं मागं," दादा म्हणाले, "ते बी तूच?"

"हाव दादा. पोतं टाकलं होतं."

"लई जोरात पडलं. मला रात्री जेवण गेलं न्हाई." त्यांनी संघपालच्या हातातलं सूप घेतलं. मग म्हणाले, "म्या नुसतं इंजनाचं आयकून सांगायचो, गिअर गेला का बेरिंग गेलं. साहेब लोक मला बोलवून न्यायचे. कान माझ्यावर गेलाय तुझा." आणि उठून त्यांनी ते सूप स्वतः हलवून बघितलं. त्यांच्या हातून पाऊस काही पडला नाही. संघपालने त्यांचा हात धरून मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. त्याचे डोळे भरले होते. माझेही, लपवण्यात काही अर्थ नाही.

मला वाटलं, झालं. माझी अट पुरी झाली, आता हो म्हणून टाकावं. पण आत्या माझ्याकडे वळली.

"त्याचं कळलं. आता तुझं सांग बाई. तुला काय आवडतं?"

 सवयीने मी संघपालकडे बघितलं.

"त्याच्याकडं काय बघायलीस? तुला इचारलं म्या."

बायका हसल्या, आत्याही हसली, विषय दुसरीकडे गेला. मी मात्र तिथेच अडकले. दोन दिवस मी त्याला विचारत होते की तू कोण, आणि माझ्याकडे माझ्याबद्दल एक साधं वाक्य नव्हतं.

निघायच्या दिवशी गुडघेवाले आजोबा परत आले. एरंडेलाने फरक नाही म्हणाले. दादांनी त्यांना ओट्यावरूनच सांगितलं, "त्याला त्यातलं काई कळत न्हाई, अप्पा. सरकारी दवाखान्यात जा. आवाजाचं असंल तर इचारा." आजोबांनी मग पावसाचा आवाज करून घेतला आणि समाधानाने गेले.

नांदेडच्या वाटेवर

मुखेडहून नांदेडची बस धरली. तिथून रात्रीची रेल्वे होती. संघपालने तिकिटं काढली कंधारपर्यंतची. "कंधारचा किल्ला मोठा आहे," तो म्हणाला, "खंदकात पाणी आहे अजून. तो बघू, मग पुढची बस." त्याचा आवाज उत्साही होता. मला आता आवाज थोडे कळायला लागले होते, आणि हा उत्साह मला पोत्यासारखा वाटला, जिन्यावरून टाकलेला.

 एवढीशी गोष्ट, पण सांगायला मला अर्धी वाट लागली. मग म्हटलं, "संघपाल, मला किल्ले आवडत नाहीत."

"काय?"

"कधीच आवडले नाहीत. धाप लागते. तिखट सुशीलाही मला झेपला नाही. आणि आत्यांनी विचारलं होतं ना, त्याचं उत्तर आता सुचलंय. मला पाण्यात पाय सोडून नुसतं बसायला आवडतं. कुठेही न चढता. लहानपणी मी वाशिष्ठीच्या काठी तासन्‌तास बसायचे, आई हाका मारून दमायची."

तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, संपलं. हा माणूस दोन वर्षं दुसऱ्याच कुणावर प्रेम करत होता, आणि ती आत्ता बसमधून उतरून गेली.

"तुला किल्ले आवडत नाहीत," तो म्हणाला.

"नाही."

"मग मी कशाला चढत होतो?"

"म्हणजे?"

"अगं, मला उंचीवर गरगरतं! पहिल्या दिवशी मित्रांनी नेलं होतं. वर जाऊन खाली बघायला नको म्हणून लांब बघत उभा होतो, तेवढ्यात तू दिसलीस, किती आनंदात! म्हटलं, हिला किल्ल्यांचं वेड आहे. दोन वर्षं गुडघ्याला पट्टा बांधून चढतोय मी!"

आधी तो हसला का मी, ते आठवत नाही. पण पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या इतके आम्ही हसलो. डोळ्यांपुढे एकेक रविवार येत होता. दोन माणसं, दोघांनाही नको असलेला डोंगर, आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी वर चाललेला.

बस थांबली. कंडक्टर ताई आमच्यापाशी आल्या. "ओ पाव्हणे, कंधार आलं. उतरायचं हाय ना? किल्ला बघायचा न्हाई का?"

"न्हाई!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

दोन वर्षांत आम्ही एकाच गोष्टीला एकाच वेळी नाही म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "हो."

"काय हो?"

"दिवाळीत विचारलं होतंस ते."

कंडक्टर ताईंना आमच्या दिवाळीशी कर्तव्य नव्हतं. "मग नांदेडचं तिकीट काढा," त्या म्हणाल्या. "यांचं फुल, तुमचं हाफ."

नांदेडला रेल्वेला वेळ होता. गोदावरीच्या घाटावर गेलो. चहावाल्याने विचारलं तेव्हा मी माझा वेगळा सांगितला, कमी साखरेचा, आलं न घालता. मग चपला काढून पायरीवर बसले आणि पाण्यात पाय सोडले. पाणी गार होतं. समोर पात्र रुंद, संथ, पलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं. संघपाल दोन पायऱ्या वर, यंत्र धरलेला हात लांब करून, डोळे मिटून बसला होता. मी काहीतरी बोलायला गेले तर त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मी गप्प बसले. पाय मात्र पाण्यात हलवत राहिले, तेवढा आवाज त्याला हवाच होता.